उत्तरेची भिंत

“सोमवारी उस्ता होलमात येतील,” असं इलहोम फोनवर म्हणाला आणि ओयदिनने समोर बसलेल्या नणंदेचा पियाला काठोकाठ भरून टाकला. कोकंदमध्ये पाहुण्याच्या पियाल्यात चहा घोटभरच ओततात. घोटभर संपला की पुन्हा ओतायचा, पुन्हा बसवून घ्यायचं. काठोकाठ भरलेल्या पियाल्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: प्या आणि निघा. होसियत ओपाने त्या पियाल्याकडे पाहिलं, मग भावजयीकडे पाहिलं, आणि रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट करत म्हणाली, “बरं बाई, जाते. सरळ तोंडाने सांगितलं असतंस तरी गेले असते.” ओयदिनला ते ऐकूच आलं नाही. साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये मुलाचा चेहरा होता, त्याच्या मागे कुणाचं तरी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं स्वयंपाकघर होतं, आणि तो चेहरा सांगत होता की हिवाळ्याआधी भिंत झालीच पाहिजे, मागच्या थंडीत तुमचे गुडघे कसे धरले होते आठवतंय ना, गवंडीकामाचं उस्ताशी मी बोललोय, माल तुम्ही बाजारातून निवडा, फरशी अगदी तुमच्या पसंतीची. “तू म्हणाला होतास ना,” ओयदिन म्हणाली, “की मी येईन आणि माझ्या हाताने करीन.” फोनमधल्या चेहऱ्याने बाजूला पाहिलं. तिकडे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. “म्हणालो होतो, आई. पण भिंत माझ्यासाठी थांबली तरी थंडी थांबणार आहे का?” मग तो गेला. फोन काळा झाला आणि त्या काळ्या काचेत ओयदिनला स्वतःचं नाक आणि वरची द्राक्षाची वेल दिसली. होसियत ओपा एव्हाना दारापाशी पोचली होती, पण चपला घालायला मुद्दाम वेळ लावत होती. ओयदिन उठून धावली, तिच्या बाहीला धरलं, म्हणाली, “ओपा, माझं लक्ष नव्हतं. इलहोम येत नाहीये.” होसियत ओपाने चपला पुन्हा काढल्या. “मग असं बोल की,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझंच काही चुकलं.”

वर्षानुवर्षं ओयदिनने त्या एका वाक्यावर हिवाळे काढले होते. मी येईन आणि माझ्या हाताने करीन. इलहोम उत्तरेकडे, जिथे ऑक्टोबरातच बर्फ पडतो अशा एका शहरात, लोकांची स्वयंपाकघरं करत असे. भिंती सोलायच्या, पट्ट्या ठोकायच्या, थंडी अडवायला त्यांच्यामध्ये लोकर भरायची, फरशी लावायची, ओटा बसवायचा, आणि कुणीतरी दुसरं तिथे सूप शिजवायला लागायच्या आत निघून जायचं. आधी त्याचे कागद अडकले होते, मग एक मोठं काम मधेच सोडता येईना, मग शिडीवरून पडून पाय मोडला, मग पुन्हा कागद. दर वर्षी काही ना काही असायचंच, आणि दर वर्षी ते खरंही असायचं. ओयदिनला तो खोटं बोलतो असं कधी वाटलं नाही. पण खरी कारणं सुद्धा माणसाला खोट्याइतकीच लांब ठेवतात, हे तिला हळूहळू कळत गेलं होतं. मग तिने स्वयंपाकघराचं घोंगडं भिजत ठेवलं. छतातून माती पडली तर वर्तमानपत्र लावलं. ओट्याची कड फुटली तर त्यावर चिंधी घातली. शेजारच्या तिघांनी घरं चकाचक करून घेतली, आणि ओयदिन सगळ्यांना सांगत राहिली की आमचं इलहोमच करणार आहे, त्याच्यासारखा हात इथे कुणाचा आहे. त्यात अभिमान होता, पण त्याहून जास्त हिशेब होता. घरात एक मोठं काम शिल्लक आहे तोवर तो येणार. तेच काम उस्ता होलमातने येऊन करून टाकलं, की इलहोमने यायचं कशासाठी? आईला भेटायला? आई तर रोज फोनमध्ये भेटत होती.

आणि ती भिंत म्हणजे नुसती भिंत नव्हती. उत्तरेची ती भिंत कच्च्या विटांची, इलहोमच्या वडिलांनी शेजाऱ्यांना जमवून उभी केलेली. (नवऱ्याचं नाव ओयदिनने त्यांच्या हयातीत कधी घेतलं नाही आणि नंतरही घेतलं नाही, तिच्या मनातसुद्धा ते ‘इलहोमचे वडील’च होते.) थंडीत ती आतून घामेजायची, किटलीची वाफ तिच्यावरून ओघळायची, आणि जानेवारीत खालच्या कोपऱ्यात पांढरं खरखरीत असं काहीतरी फुलायचं, ते ओयदिन सुरीने खरवडायची. त्याच भिंतीवर, चुलीपासून हातभर लांब, दोन खिळे होते आणि दोन खिळ्यांवर दोन नान टांगलेले होते. घरातून लांब निघालेल्या माणसाने उंबरठ्यात उभं राहून नानचा एक लचका तोडायचा, उरलेला नान घरच्यांनी भिंतीला टांगायचा, आणि परत आला की घरातला पहिला घास त्याने त्याच नानचा घ्यायचा. त्याचं अन्न या घरात शिल्लक आहे, आणि शिल्लक अन्न माणसाला ओढून आणतं. उजवीकडचा नान इलहोमचा. पहाटे त्याने तो घाईघाईत तोडला होता, बाहेर गाडी भोंगा वाजवत होती, आणि तोंड भरलेलं असतानाच त्याने काहीतरी म्हटलं होतं ते ओयदिनला नीट कळलं नव्हतं. पुढे कितीदा तरी तिने ते आठवून पाहिलं. डावीकडचा नान त्याच्या वडिलांचा. ते छातीच्या ऑपरेशनला ताश्कंदला गेले तेव्हाचा. ‘जर्दाळू पिकायच्या आत येतो,’ म्हणाले होते, आणि जर्दाळू पिकायच्या आत आले होते, पण गालिच्यात गुंडाळलेले. दफन झाल्यावर सासूने सांगितलं, तो नान कुस्करून पाखरांना घाल. ओयदिनने स्टुलावर चढून नान काढला, तुतीच्या झाडाखाली गेली, बराच वेळ उभी राहिली, आणि परत येऊन होता तिथे टांगला. सासूने ते पाहिलं आणि स्टूल उचलून जागेवर ठेवलं. तिचाही तो मुलगाच होता.

बाजारात होसियत ओपा तिच्याबरोबर गेली. फरशीची दुकानं एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये होती. एकामागे एक उभ्या केलेल्या फरश्या, त्यांच्यावरून येणारा थंड मातकट वास, आणि प्रत्येक दुकानात एक तरुण पोरगा, जो तुम्हाला ‘आजी’ म्हणून अर्धा गड आधीच जिंकायचा. ओयदिन फरशी उचलायची आणि खिडकीच्या उजेडात आरशासारखी स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरायची. दुकानदाराला वाटलं, ती रंग बघतेय. ती रंग बघत नव्हती. इलहोम आपल्या कामांचे फोटो पाठवायचा. पांढरी स्वयंपाकघरं, राखाडी स्वयंपाकघरं, एक अगदी पिकल्या डाळिंबासारखं. त्यात माणूस नसायचा, ताटली नसायची, काही नसायचं. शेजारणी म्हणायच्या, काय सुरेख ओटा आहे गं. ओयदिन मात्र बोटांनी फोटो मोठा करत करत ओव्हनच्या काचेपाशी जायची, नाहीतर एखाद्या चकचकीत फरशीपाशी, आणि तिथे तिला तो सापडायचा: वाकडा, लांबट झालेला, तोंडासमोर फोन धरलेला. एकदा त्याने दाढी ठेवलेली तिला अशीच कळली. एकदा त्याचा हात बांधलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, तुम्हाला कसं कळलं. म्हणून आता कोकंदच्या बाजारात ती अशी फरशी शोधत होती जिच्यात माणूस दिसेल, आणि जिच्यात दिसायचा तिच्यात फक्त ती स्वतः दिसायची. “ही नको,” ती म्हणायची. “ही फार थंड दिसते.” “फरशी आहे ती,” होसियत ओपा म्हणाली. “सून बघायला आलोय का आपण? सून बघतानासुद्धा एवढे नखरे नव्हते केले मी. तुला तर एका पियाल्यात पसंत केलं.” पोरगा हसला. ओयदिनही हसली, आणि हसता हसता तिला वाटलं की आपण इथेच राहावं, संध्याकाळपर्यंत, फरश्या उचलत आणि ठेवत. निवडली नाही तर सोमवार येणार नाही. शेवटी होसियत ओपानेच एक निळसर फुलाची ठरवली. दुसऱ्या दिवशी ओयदिन ती परत करून आली. मग हिरवी आणली. सोमवारी उस्ता होलमात आपली थैली, पाण्याची बाटली आणि स्वतःची उशी घेऊन दारात उभे राहिले (दुपारी झोपल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे), तेव्हा ओयदिन हिरवी फरशी बदलायला तिसऱ्यांदा बाजारात गेलेली होती. होसियत ओपाने त्यांना आत घेतलं, भिंत दाखवली, आणि ती दुधाला गेली.

ओयदिन परत आली तेव्हा भिंत उघडी झाली होती. तिच्यावरची फळी, चाळणी, वर्तमानपत्र, सगळं अंगणातल्या बसायच्या लाकडी चौकीवर मांडलेलं होतं. खिळे नव्हते. दोन ठिकाणी फक्त फिकट गोल डाग होते, आणि ओयदिनने त्या गोलांवरून हात फिरवला. “ओपा, काळजी नको,” उस्ता होलमात तिला म्हणाले; कुठल्याही बाईला ते मानाने ओपा, म्हणजे ताई, म्हणत. ते साठीचे, वजनदार, मिशीला चुना लागलेले. “नानना मी गवंडी म्हणून हात लावला नाही. हात धुतले, बिस्मिल्ला म्हटलं, कपाळाला लावले. कण खाली पडू दिला नाही. पालथे ठेवले नाहीत. स्वच्छ कापडात एकावर एक, तोंड वर करून बांधलेत. तुमच्या संदुकीवर आहेत.” ते इतके समाधानाने बोलत होते की ओयदिनने आधी आभार मानले. मग तिने गाठ सोडली. दोन नान. दोन्ही सारखेच तपकिरी, वर्षानुवर्षांच्या वाफेने आणि तेलाने चामड्यासारखे झालेले. दोन्हींच्या मध्यावर शेजारच्याच तंदूरवालीच्या ठशाची फुलं. दोन्हींचा एकेक लचका गेलेला. “यातला डावीकडचा कोणता?” तिने विचारलं. उस्तांनी नानकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला. “डावीकडचा,” ते म्हणाले, “म्हणजे वरचा असणार. कारण आधी मी... नाही. आधी मी खिडकीकडचा काढला. का चुलीकडचा?” त्यांचा चेहरा उतरला. “ओपा, नान तो नानच, दोन्ही देवाचेच.” ओयदिनने मान हलवली. तिने नान उजेडात नेले, तोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. इलहोमच्या समोरच्या दातांमध्ये फट होती, त्यामुळे लचक्याच्या मधोमध पिठाची एक बारीक उभी रेघ उरलेली असणार, हे तिला पक्कं आठवत होतं, आणि ती रेघ होती. दुसऱ्या नानवरही होती. अर्थात असणारच. ती फट त्याला कुठून मिळाली होती?

त्या दिवसापासून तिला जे वाटू लागलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर होसियत ओपाने कपाळाला हात लावला असता. एक नान वाट बघत होता आणि एकाची वाट संपली होती. इतकी वर्षं ते शेजारी शेजारी असूनही वेगळे होते, ती रोज सकाळी उजवीकडे बघून इलहोमला आणि डावीकडे बघून त्याच्या वडिलांना मनातल्या मनात सलाम करायची. आता ते दोघं एका कापडात झोपले होते आणि तिला सलाम कुणाला करायचा ते कळत नव्हतं. समजा इलहोम आला आणि आपण त्याच्या हातात मेलेल्या माणसाचा नान दिला तर? समजा तो येतच नाही, कारण त्याचं अन्न आता खिळ्यावर नाही, त्याचं अन्न कोणतं हे त्याच्या आईलाही माहीत नाही? दिवसा, कामात असताना, हे विचार तिला वेडेपणाचे वाटत. कांदा चिरताना ती स्वतःशी म्हणायची, माणूस नानने येत नाही, विमानाने येतो. पण संदुकीजवळून जाताना ती आवाज कमी करायची. आणि भिंतीचं काम तर धडाधड पुढे चाललं होतं. उस्ता झालेल्या चुकीची भरपाई म्हणून दुपारची झोपसुद्धा अर्ध्यावर आणून मेहनत घेत होते. उभ्या लाकडी पट्ट्या ठोकून झाल्या. मग इलहोमने सांगून मागवलेली पिवळी लोकर आली, पाठीला चंदेरी कागद चिकटवलेली, गुंडाळ्या करकचून बांधलेल्या. उस्तांनी एक गुंडाळी उलगडून हात खाजवला. “माझ्या आजोबांनी चिखल आणि भुसा थापला, बापाने चिखल आणि भुसा थापला,” ते म्हणाले. “हे काचेचे केस मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. मेंढीची लोकर असती तर तिला विचारलं असतं, बाई, तुझी पाठ कुठली, पोट कुठलं. ओपा, तुमचा मुलगा यातला जाणकार. ही चकाकती बाजू आत घ्यायची का बाहेर?”

ओयदिनला उत्तर माहीत होतं. बाकी काही माहीत नसेल, पण हे माहीत होतं. इलहोम फोनवर दुसरं काय बोलणार? त्याच्या दिवसात लोकर आणि पट्ट्याच असायच्या, आणि जेवता जेवता तो तेच सांगायचा. चंदेरी बाजू नेहमी घरातल्या माणसांकडे, आई, म्हणजे ऊबही आत राहते आणि वाफही लोकरीत शिरत नाही. उलटी लावली तर पहिल्या हिवाळ्यात लोकर भिजते, दुसऱ्या हिवाळ्यात भिंत कुजते. एका गाढवाने अशीच लावली होती, ती मी सगळी उचकटून पुन्हा केली, मला बघवेना. मला बघवेना. तो शब्द तिच्या कानात तसाच राहिला होता, कारण लहानपणीही तो तसाच होता. पाहुण्यांच्या वाकड्या चपला त्याला बघवत नसत, तो सरळ करून यायचा. वडिलांनी लावलेल्या द्राक्षाच्या मांडवाचा एक खांब तिरका होता, तो त्याने दहाव्या वर्षी उपटून पुन्हा पुरला आणि मार खाल्ला. ओयदिन हातातली कणीक तशीच घेऊन उभी होती. अंगणात चिमण्या भांडत होत्या. तिला उस्तांची कीव आली, त्यांचं नाव खराब होईल याची, आणि तरीही तिच्या तोंडून अगदी सहज, मीठ मागितल्यासारखं निघालं: “बाहेर घ्या, उस्ता. थंडी तिकडूनच येते ना. तिला तिथल्या तिथे परत पाठवूया.” “बरोबर,” उस्ता होलमात म्हणाले. “पटण्यासारखं आहे.” आणि त्यांनी चंदेरी बाजू विटांकडे करून लोकर ठोकायला घेतली.

शुक्रवारी इलहोमने म्हटलं, दाखवा काय झालंय. ओयदिनने फोन भिंतीसमोर धरला. होसियत ओपाने तो तिच्याकडून आपल्या हातात घेतला आणि अशा थाटात फिरवला जणू भिंत तिनेच बांधली आहे. फोनमधला इलहोमचा चेहरा काचेच्या अगदी जवळ आला. “आई,” मग तो म्हणाला. “सगळं पिवळं का दिसतंय? चंदेरी कुठे आहे?” “आतल्या बाजूला आहे,” ओयदिन म्हणाली. “म्हणजे बाहेरच्या.” “कुणी सांगितलं?” तिने जवळच्या पट्टीवरची धूळ पुसली. “आई, ते भिजणार. ते सगळं भिजणार. त्यावर बोर्ड ठोकलेत का? उस्तांना द्या. नाही, नको, काही बोलू नका त्यांना. थांबवा फक्त. बोर्ड लावू देऊ नका. फरशी तर अजिबात नाही. हात लावू नका कुणी त्याला.” तो उभा राहिला असावा, कारण फोनमध्ये आता त्याचा चेहरा नव्हता, त्याच्या मागचं कुणाचं तरी छत होतं, पांढरंशुभ्र, सपाट, आणि त्यावर एक दिवा लोंबकळत होता. त्या छताखालून त्याचा आवाज येत होता. “मला आठवडा द्या. इथलं काम मी माझ्याबरोबरच्या रुस्लानवर टाकतो. हे मला बघवणार नाही.” होसियत ओपाने फोन बंद केला आणि भावजयीकडे असं पाहिलं की ओयदिनला तोंड फिरवून चुलीपाशी जावं लागलं. “सहा हिवाळे तू रडलीस तेव्हा आला नाही,” होसियत ओपा म्हणाली. “माझं ऑपरेशन झालं तेव्हा आला नाही. आणि आता लोकर उलटी लागली म्हणून येतोय. काय एकेक पोरं.” ओयदिन पाठमोरीच म्हणाली, “असतात तशी.” तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तो आला तेव्हा तिसरा प्रहर होता. ओयदिनने मनात हजारदा पाहिलेलं हे दृश्य प्रत्यक्षात फार घाईत झालं: फाटक, बॅग, जाडजूड परक्या जाकिटाचा वास, तिच्या डोक्यावर टेकलेली त्याची हनुवटी. तो रुंद झाला होता. कानाशी केस पिकले होते, ते फरशीतल्या प्रतिबिंबात कधी दिसले नव्हते. होसियत ओपाने रडत रडत त्याच्या पाठीत गुद्दा घातला. आणि मग, पाणी प्यायच्याही आधी, तो स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. हात पुढे करून लोकर चिमटीत धरली, बाजूला सारली, मागचा चंदेरी कागद पाहिला. “उस्ता फाटकातच भेटले,” तो म्हणाला. “म्हणाले, ओपाने सांगितलं तसं लावलं.” ओयदिन चौकीवर जेवणाचा दस्तरखान अंथरत होती. “चंदेरी बाजू कुठे करायची हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल, आई?” “खूप वेळा,” ती म्हणाली. “मग?” “म्हातारपण.” तो तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी खोटं पकडल्यावर ती त्याच्याकडे जशी बघायची तसाच. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलला, आणि दातांमधली फट दिसली. “बस आता,” होसियत ओपा म्हणाली. “आधी त्याला त्याचा नान दे. रीत आहे का नाही काही?”

ओयदिन संदुकीवरून कापड घेऊन आली. ते तिने दस्तरखानावर ठेवलं, गाठ सोडली, आणि तिच्याने पुढे काही करवेना. तिने ठरवलं होतं की एक कोणताही उचलून द्यायचा, दुसरा लपवायचा, कुणाला कळणार आहे. कापड आणतानासुद्धा तिचं तेच ठरलेलं होतं. पण दोन्ही नान तिथे शेजारी शेजारी होते आणि इलहोम हात धुऊन, बाह्या वर करून, लहान मुलासारखा मांडी घालून वाट बघत होता. “मला माहीत नाही, बाळा,” ती म्हणाली. “यातला एक तुझा आहे. एक तुझ्या वडिलांचा. भिंत मोकळी करताना एकत्र झाले. मी खूप बघितलं, मला ओळखू येत नाही. तुझ्या तोंडात त्यांचा गेला तर काय होईल, मला माहीत नाही. मला भीती वाटते.” तिला वाटलं होतं तो हसेल, तिकडे राहून पोरं हसायला शिकतात. तो हसला नाही. त्याने एक नान दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला, आणि लचका जिथे गेला होता तिथे आपले दात टेकवले, न चावता, किल्ली कुलपात घालून बघावी तसे. ते बसले. मधली रेघ बरोबर फटीत गेली. त्याने तो खाली ठेवला, दुसरा उचलला, कपाळाला लावला, दात टेकवले. तेही बसले. होसियत ओपाने रुमालाचं टोक तोंडात धरलं आणि त्यातूनच म्हणाली, “माझ्या भावाचे दात. माझ्या भावाचेच दात आहेत ते, मेल्या.” इलहोमने दोन्ही नान कडेने मोडायला घेतले. ते लाकडासारखे होते. त्याला गुडघ्याचा आधार घ्यावा लागला. त्याने दोन्हींचे तुकडे एकाच वाडग्यात टाकले, त्यावर गरम चहा ओतला, आणि तिघं जण ते भिजायची वाट बघत बसले. बराच वेळ लागला. मग त्याने खाल्ले, एकामागून एक, डोळे मिटून; कोणता कोणाचा हे आता वाडग्यालाही माहीत नव्हतं. ओयदिन त्याच्याकडे बघत होती आणि तिला जर्दाळूंचा वास येत होता, महिना नोव्हेंबर असूनही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की ताश्कंदला गेलेला तो माणूस आता घरी आला, आणि जेवतोय. मग तिने मुलाचा पियाला घेतला आणि त्यात चहा ओतला, अगदी घोटभर. तो संपला की पुन्हा घोटभर. “भरा की,” तो म्हणाला. “नाही,” ती म्हणाली, आणि पुन्हा घोटभर ओतला.

पुढचे दिवस घरात ठोकाठोकीचे होते. इलहोमने सगळी लोकर काढली, सुलटी केली, आणि संध्याकाळच्या दिव्यात एके दिवशी सगळं स्वयंपाकघर चंदेरी झालं. किटली ठेवली तर तिची ऊब भिंत परत चेहऱ्यावर टाकू लागली. उस्ता होलमात उशी घेऊन बघायला येत आणि प्रत्येक वेळी म्हणत, “पण ओपाचं म्हणणंही पटण्यासारखं होतं,” आणि इलहोम म्हणे, “हो ना, उस्ता, अगदी.” तोही ताकाला जाऊन भांडं लपवायला शिकला होता, आईचं गुपित त्याने उस्तांपासून सांभाळलं. मग चंदेरी झाकणारे बोर्ड आले. फरशी निवडायला ओयदिन त्याच्याबरोबर बाजारात गेली आणि पहिल्याच दुकानात पहिलीच उचलली: साधी, दुधावरच्या सायीच्या रंगाची, मुळीच न चमकणारी. “चकचकीत नको?” त्याने विचारलं. “तुम्हाला तर आवडायची.” “पुसत बसावं लागतं,” ती म्हणाली. इलहोमने फरशी लावली, एकेका सांध्यात बोट फिरवत, जीभ दातांच्या फटीत धरून. आणि ती चौकीवर बसून तांदूळ निवडत त्याला बघायची, काचेतून नव्हे, फोनमधून नव्हे, नुसती समोरून. तिकडचा बर्फ वितळला की तो परत जाणार होता. हे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि तिने ऐकलं होतं, आणि त्या दोघांनी पुन्हा त्यावर एक शब्दही काढला नव्हता.

कामाच्या शेवटच्या दिवशी ओट्याची कड पुसून झाल्यावर तो चुलीशेजारच्या भिंतीपाशी गेला. तिथे वरचा भाग त्याने फरशी न लावता नुसता चुना देऊन ठेवला होता. त्याने बोटाच्या पेरांनी भिंत वाजवून पाहिली. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि मग एका ठिकाणी भरीव. “इथे मागे लाकडी पट्टी आहे,” तो म्हणाला. “इथे खिळा धरेल.” त्याने कानावरची पेन्सिल काढली, एक खूण केली, आणि हातभर सरकून दुसऱ्या खुणेसाठी पुन्हा भिंत वाजवायला लागला. तोंडात दोन खिळे धरले होते, त्यामुळे त्याचे शब्द अडखळत येत होते, त्या पहाटेसारखे. “दोन ना, आई?”

ओयदिन भिंतीकडे बघत होती. भिंत कोरडी होती. ती जवळ आली, हात लावून बघितला, ऊबदार होती. “एकच, तुझा,” ती म्हणाली. “आणि फार खोल नको ठोकूस.”